पहिला तांब्या परक्याचा

कासारवाडीच्या त्या यार्डात विजयश्रीला कुणी विजयश्री म्हणत नसे. सगळे तिला पेन्सिल म्हणत. तिच्या कानामागे कायम एक जाड शिसाची पेन्सिल खोचलेली असे आणि दिवसभर तिचं काम एकच होतं. यार्डात उभ्या असलेल्या नव्या-जुन्या गाड्यांच्या चासी नंबरचा छाप घ्यायचा. नंबरावर पातळ कागद चिकटवायचा, पेन्सिल आडवी धरून वरून हलकेच फिरवायची, की भोवतालचा कागद काळा होतो आणि कोरलेले आकडे मधे पांढरे उमटतात. हा छाप फायलीत लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. सगळं जग मोबाइलवर गेलं, तरी या चिटोऱ्याचं कुणाला काही वाकडं करता आलेलं नव्हतं.

विजयश्री मूळची उदगीरकडची. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला इकडे कुठलं काम मिळतं, याचं उत्तर तिच्या काळ्या बोटांवर होतं. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. कामात तिचा हात धरणारं यार्डात कुणी नव्हतं. जुन्या टेम्पोंवर रंगाचे पाच-पाच थर चढलेले असत, खाली नंबर आहे की नाही याचीच शंका, आणि सुपरवायझर गणराज हात वर करून मोकळा व्हायचा. विजयश्री तिथं बोट फिरवायची, डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, "आहे. रंग नंबर खात नसतो, राखतो." आणि खरोखर, थर हलकेच उतरवून पेन्सिल फिरवली की नंबर निघायचा. एवढं बोलून ती पुढच्या गाडीकडे जायची.

यार्डाच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं. पलीकडं रेल्वेचे रूळ आणि पवना नदी यांच्या मधल्या बेचक्यात एक दाट झाडीचा तुकडा उरला होता. गाववाले त्याला मडमाईचं रान म्हणत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात रूळ टाकायला आलेल्या गोऱ्यांची ती दफनभूमी होती, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत होतं आणि त्यापुढं जाणून घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. उलट चार लोक सांगायचे की आत जाऊ नका, साप आहेत. ते मात्र खरं होतं.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या दिवशी दुपारी विजयश्री डबा खात बसली होती. भिंतीवरून एक करडा, वाकड्या चोचीचा मोठा पक्षी किंचाळत गेला आणि रानात उतरला. असला पक्षी तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं डबा झाकला आणि साडी खोचून खिंडारातून आत शिरली.

आत गारवा होता. कमरेइतकं गवत, चिंचेची थोराड झाडं, आणि गवतातून डोकी वर काढलेले दगड. कुठं चौथरा, कुठं मोडका क्रूस, कुठं विटांची कमान. संगमरवरी पाट्या केव्हाच गेल्या होत्या. गावातल्या निम्म्या घरांत ज्या दगडावर धुणं आपटलं जाई, तो दगड उलटा करून बघायची हिंमत मात्र कुणी करत नव्हतं. अगदी मधोमध एक दगड उभा होता, माणसाच्या खांद्याइतका उंच आणि पांढराशुभ्र, चुन्याचे थर बसून बसून फुगलेला.

"कोन गं तू?"

दगडाआडून एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एका हातात चुन्याची बादली आणि शेजारी पितळी हंडा. ही अंबुबाई. गावातल्या जुन्या घरातली. तिच्या शेतात आता तीन सोसायट्या उभ्या होत्या, पण तिची चाल अजून बांधावरून चालल्यासारखी होती.

"मी मागच्या यार्डातली. पक्षी बघायला आले होते."

"कुठली?"

"उदगीरची."

"मंजी परकी हायस." म्हातारीचा चेहरा एकदम खुलला. तिनं हंड्यातून तांब्या भरला आणि विजयश्रीपुढं धरला. "पी. सकाळधरनं बसलेय, एक परका मानूस फिरकंना. समदे गावचेच."

विजयश्री बुचकळ्यात पडली. तेव्हा अंबुबाईनं तिला बसवून घेऊन रीत सांगितली. या दगडाखाली एक मडम आहे. मोठी दयाळू होती म्हणतात. आखितीला तिला पाणी द्यायचं. नारळ नाही, हळद-कुंकू नाही, निवद नाही, नुसतं पाणी. आणि तेही आधी तिला नाही. पहिला तांब्या परक्याला द्यायचा, तो प्यायला की मग दुसरा तिच्या पायाशी ओतायचा.

"असं का?"

"मला काय ठावं? सासूनं सांगितलं. सासूला तिच्या सासूनं. आमच्याच घरातनं हंडा निघतो."

"आणि शेंदूर नाही? चुना?"

"गोरी बाई ती! तिला शेंदूर कसा शोभंल? गोरीला पांढरंच पायजे न्हवं?" अंबुबाईनं अडाण्याला समजवावं तसं सांगितलं आणि उरलेला चुना दगडाच्या डोक्यावर सढळ हातानं फासला.

सहा वर्षं विजयश्री या शहरात राहत होती. तिचा नवरा प्रज्वल चाकणला प्रेस शॉपमधे तीन शिफ्टमधे काम करायचा, भाड्याची खोली होती, गॅस होता, सगळं होतं. पण सहा वर्षांत कुणी तिला बसवून घेऊन पाणी दिलं नव्हतं. तिनं तांब्या तळापर्यंत रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं.

त्या दिवसापासून तिची जेवणाची सुट्टी रानात जाऊ लागली. तिनं शंभर पानी वही केली. एका बाजूनं दगड, दुसऱ्या बाजूनं जिवंत मंडळी. दगड चौतीस निघाले. जिवंतांची यादी मात्र संपेना. कमानीच्या भोकात पिंगळ्याची जोडी होती, ती भर दुपारी तिच्याकडे रागानं बघायची. एक मुंगूस होतं, त्याचं बीळ मडमाईच्या दगडाजवळच होतं आणि ते स्वतःला या जागेचा मालक समजत असे. घोरपड होती, धामण होती, भारद्वाज, वेडे राघू, पावसाच्या तोंडाला चार दिवस येऊन गेलेला नवरंग. सभोवती होर्डिंगं, उड्डाणपूल आणि हॉर्न, आणि मधे हे सगळं बिऱ्हाड बिनबोभाट नांदत होतं. मेलेल्यांच्या भीतीनं जिवंतांना जागा मिळाली होती, असं ती प्रज्वलला म्हणाली. तो पेंगत होता, तरी त्यानं हुंकार दिला.

आणि तो करडा पक्षी धनेश निघाला. यंदा मार्चमधे तिनं त्याची गंमत पाहिली. जुन्या चिंचेच्या ढोलीत मादी आत शिरली आणि तिनं आतून दार लिंपून घेतलं. चिखल, विष्ठा, जे मिळेल त्यानं. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवली. आता पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. पिसंसुद्धा गळून जातात, उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. नर दिवसभर उंबरं आणून फटीतून भरवत होता. विजयश्री झाडाखाली बसून ते बघायची आणि तिला स्वतःच्या आईचं बाळंतपण आठवायचं.

त्याच झाडावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी पांढऱ्या रंगानं नंबर टाकून गेलं. सतरा.

नंबर म्हणजे काय, हे विजयश्रीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं धावत जाऊन यार्डाच्या फाटकावरची नोटीस वाचली. ही पडीक जागा साफ करून तिथं टेम्पो पार्किंग होणार होतं. हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवा. पार्किंगसाठी अर्ज ज्यानं केला होता, तो टेम्पो संघटनेचा अध्यक्ष नवनाथ. म्हणजे अंबुबाईचा सख्खा मुलगा.

नवनाथ वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. गावातल्या साठ टेम्पोंना उभं राहायला जागा नव्हती. रोज गाड्या उचलून नेत, रोज तो सोडवून आणी, रोज पोरं त्याच्या दाराशी. "ताई, पक्षी उडून दुसरीकडं जातील," तो विजयश्रीला हात जोडून म्हणाला. "टेम्पो कुठं उडून जाणार? आन् गोऱ्यांची थडगी राखून आपल्याला काय मिळणार? आपला त्यांचा काय संबंध?"

"ती मादी उडून जाऊ शकत नाही," विजयश्री म्हणाली. "तिनं दार लिंपून घेतलंय."

नवनाथनं मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं, पण अर्ज काही त्यानं मागं घेतला नाही. मडमाईसाठी कोपऱ्यात टाइल्सचं छोटं देऊळ बांधून देतो, असं त्यानं आईला कबूल केलं होतं. अंबुबाई त्यावर काही बोलली नव्हती. ती मुलावर रागावली की बोलायची नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

विजयश्रीनं हरकत लिहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिची बी.ए.ची पदवी कशाला तरी उपयोगी पडली. आलेल्या हरकती किती, तर एक. पण एकीसाठीही पाहणी करावी लागते, म्हणून पालिकेच्या तनुजा मॅडम एका मंगळवारी आल्या. तरुण, उन्हानं रापलेल्या, पायात बूट. नुसती सही ठोकून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. चौतीसही दगड त्यांनी फिरून बघितले. विजयश्रीनं झिजलेल्या दगडांवर कागद लावून छाप घेऊन दाखवले, पण पावसानं अक्षरं पार धुऊन नेली होती. एकावर अठराशेचा 'अठरा' आला, एकावर नुसतं बाळाच्या पावलासारखं काहीतरी.

"हे पुरणार नाही," तनुजा मॅडम खऱ्या दुःखानं म्हणाल्या. "जुन्या कागदावर ही जागा पडीक आहे. इथं दफनभूमी होती असं मी लिहायचं, तर मला एक तरी नाव हवं, एक तरी साल. वाचता येईल असं. पक्ष्यांवर मी एक परिच्छेद लिहीन, पण पक्ष्यांच्या परिच्छेदावर काम थांबत नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला मी अहवाल द्यायच्या आधी पुन्हा येते. सोमवारी मशीन लागणार आहे."

दहा दिवस. विजयश्रीनं पुढचे सात दिवस एकेका दगडावर बोटं झिजवली. हाती काही आलं नाही. बुधवारी दुपारी ती थकून मडमाईच्या दगडाला टेकून बसली. पाच दिवसांत सगळं सपाट होणार होतं आणि ती मादी आत बसून फटीतून चोच बाहेर काढत होती. विजयश्रीला हुंदका आवरेना.

तेवढ्यात मालक आला, म्हणजे मुंगूस. त्यानं दगडाच्या बुडाशी बीळ रुंदवायचं काम काढलं होतं. माती भसाभसा उडवत ते आत शिरलं आणि दगडाच्या बुडाचा चुन्याचा एक पोपडा तुटून विजयश्रीच्या पायाशी पडला. तिनं सवयीनं तो उचलला, सवयीनं उलटा केला आणि सवयीनंच त्यावरून अंगठा फिरवला. आतल्या बाजूला एक उंचवटा होता. सरळ, धारदार कडेचा. निसर्गात अशी सरळ कड नसते. ती कड कुणीतरी छिन्नीनं पाडलेल्या खाचेत चुना बसून तयार झाली होती.

विजयश्री ताडकन उठली. चौतीस दगड पावसानं धुतले होते. पस्तिसावा, मडमाईचा, तिनं मोजलाच नव्हता. तो कोराच आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्याच्यावर तर दीडशे वर्षं थर चढत होते.

"रंग नंबर खात नसतो," ती मोठ्यानं म्हणाली. मुंगूस दचकून पळालं.

ती धापा टाकत अंबुबाईच्या दारात पोचली. म्हातारी ओट्यावर पोळीचं पीठ चाळत होती. विजयश्रीनं एका दमात सगळं सांगितलं आणि चुना उतरवायची परवानगी मागितली.

अंबुबाईची चाळण थांबली. "मडमाईचं कातडं सोलतीस व्हय गं? आमी पिढ्यान्पिढ्या चढवला, आन् तू खरडून काढनार? परकी ती परकीच!"

हा शेवटचा शब्द विजयश्रीला असा लागला की तिची सहा वर्षं पुणेरी होऊ पाहणारी जीभ सरळ उदगीरला जाऊन पोचली. "असं कसं करूलालाव मावशी! सोमवारी मशीन आलं की दगड बी जाणार, चुना बी जाणार! मग टाइल्सच्या देवळात काय पुजणार हाव तुमी?"

अंबुबाई पुन्हा पीठ चाळू लागली. तेव्हा विजयश्रीनं दारात उभ्या असलेल्या नवनाथच्या जुन्या टेम्पोकडे धाव घेतली. चासीवर रंगाचे थर होते, नंबर दिसत नव्हता. तिनं म्हातारीला हाताला धरून आणलं, तिचं बोट त्या जागी टेकवलं, मग थर उतरवला, कागद लावला, पेन्सिल फिरवली. आकडे एकेक करून उजळत आले. अंबुबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण ते आधी नव्हते आणि आता आहेत, एवढं तिला स्वच्छ दिसलं. मग विजयश्रीनं पदरात बांधलेला पोपडा तिच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो तू काढलास?"

"नाही. मुंगसानं पाडला. आपोआप पडला म्हणा."

म्हातारीनं पोपडा उलटसुलट करून बघितला. तिच्या माहेरच्या म्हसोबाचा शेंदूर असाच एका वर्षी फुटला होता. देवानं अंगरखा टाकला म्हणत सगळा गाव जमला होता आणि उरलेला शेंदूर गावानंच मानानं उतरवला होता. देव स्वतः टाकतो तेव्हा माणसानं अडवायचं नसतं.

"तिनंच टाकलाय," ती शेवटी म्हणाली. "मंग ठीक. पर हात मी लावनार. तू न्हाई."

दोन दिवस अंबुबाईनं तो दगड एखाद्या तापकऱ्या लेकरासारखा सांभाळला. ओली गोणपाटं गुंडाळली, तासातासाला पाणी मारलं, रानातल्याच चिंचांचा कोळ करून वर ओतला. पत्रा नाही, खिळा नाही, नुसती बांबूची कामटी. गुरुवारी संध्याकाळपर्यंत चुना भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटू लागला. शुक्रवारी सकाळी नवनाथ आईचा डबा घेऊन आला आणि जागीच उभा राहिला. पांढऱ्या मडमाईच्या जागी काळाकुळकुळीत दगड उभा होता.

"आई, हे काय केलंस?"

"जेवायचं ठेव तिथं. आन् बस."

अकराच्या सुमाराला तनुजा मॅडम आल्या. नवनाथचे टेम्पोवाले आले, यार्डातून गणराज आला, आणि म्हातारीनं मडमाईला नागवं केलं ही बातमी पसरल्यामुळं निम्मा गाव आला. ओला असताना काळा दिसलेला दगड आता सुकला होता आणि त्यावर एक पातळ करडा थर अजून चिकटून होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. गर्दीत कुणीतरी हसलं.

विजयश्रीनं शाळेचे मोठे चार्ट पेपर आणले होते. तिनं वरच्या बाजूला कागद चिकटवला, कानामागची पेन्सिल काढली, आडवी धरली आणि डावीकडून सुरुवात केली. हात स्थिर होता. असे तीस-चाळीस हजार छाप तिनं घेतले असतील, आणि ते सगळे आजच्या सरावासाठीच होते असं तिला वाटलं.

पहिली ओळ आली. इंग्रजी अक्षरं, इतकी धारदार की काल कोरल्यासारखी. तनुजा मॅडम पुढं सरकल्या. "...च्या पवित्र स्मृतीस," त्यांनी अर्थ सांगितला. गर्दीतलं हसू थांबलं.

दुसऱ्या ओळीत एकच शब्द होता. त्यांनी तो दोनदा वाचला. "सालू?"

"साळू," अंबुबाई झटक्यात म्हणाली. "साळू असंल. पर मडमेचं नाव साळू कसं?"

विजयश्रीची पेन्सिल चालतच राहिली. ती वर बघत नव्हती. तनुजा मॅडम एकेक ओळ मराठीत सांगत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. "या गावची स्त्री... सन अठराशे एकसष्टच्या पटकीच्या साथीत... सगळे सोडून गेले तेव्हा... तिनं आम्हा परक्यांना पाणी दिलं. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी ती गेली. तिच्यामुळं जगलेल्या रेल्वेच्या अकरा माणसांनी... हा दगड उभा केला."

पेन्सिल थांबली. रुळांवरून एक मालगाडी गेली.

"मडम नव्हतीच," नवनाथ म्हणाला. "ती... आपल्यातली होती?"

अंबुबाई दगडासमोर खाली बसली. तिनं दोन्ही तळहात त्या काळ्या दगडावर ठेवले. "आगं बया," ती म्हणाली आणि रडायलाच लागली, आणि रडता रडता हसायला लागली. "आपल्याच काळ्या बाईला आमी दीडशे वरसं चुना फासून गोरी करत बसलो! आन् ती बिचारी आतनं हाका मारत असंल, आगं मी साळू, मी साळू!"

गर्दीतल्या बायाही हसल्या आणि डोळे पुसू लागल्या. एका आजीबाईनं विचारलं, म्हणूनच पहिला तांब्या परक्याला का? आणि मग ते सगळ्यांना एकदमच उमगलं. माणसं तिचं नाव विसरली, जात विसरली, ती कोण हे विसरली, तिला परदेशी करून बसली. पण तिनं काय केलं ते एका घरातला हंडा विसरला नव्हता. दर साली तो तिचं काम करत राहिला होता.

तनुजा मॅडमनी तिथंच चौथऱ्यावर बसून अहवाल लिहिला. नाव आहे, साल आहे, दफनभूमी आहे. छापाचा कागद त्यांनी घडी न घालता गुंडाळून घेतला. "जरा तुमची सही करा यावर," त्या विजयश्रीला म्हणाल्या. "छाप कुणी घेतला ते लागतं." विजयश्रीनं काळ्या बोटांनी पूर्ण नाव लिहिलं. गणराजनं ते वाचलं आणि त्या दिवसापासून यार्डात तिला पेन्सिल म्हणायचं त्यानं बंद केलं.

नवनाथ चिंचेपाशी गेला, खिशातून रुमाल काढला, थुंकी लावून झाडावरचा सतरा नंबर पुसू लागला. ऑइल पेंट थुंकीनं निघतो थोडाच, पण तो घासत राहिला. संध्याकाळपर्यंत अर्ज मागं घेतला गेला आणि रात्र व्हायच्या आत चौकात भला मोठा फ्लेक्सही लागला. 'आमची साळूमाई', आणि तिचा फोटो मिळत नसल्यामुळं नवनाथचा. टेम्पो अजून रस्त्यावरच उभे राहतात आणि पार्किंगचं भांडण अजून चालूच आहे. पण आता तो दुसऱ्या जागेसाठी भांडतो. पुढच्या आठवड्यात तीन घरांतून धुण्याचे दगड गुपचूप रानाच्या खिंडारापाशी येऊन पडले. उलटे करून बघितले तर तिन्हीवर नावं होती.

मग आखिती आली.

यंदा चुन्याची बादली नव्हती. साळूमाईचा दगड धुऊन पुसून काळा चकचकीत केला होता. ढोलीच्या फटीतून धनेशाची चोच बाहेर आली होती आणि नर उंबर घेऊन घिरट्या घालत होता. मुंगूस सगळ्या गर्दीवर नाराज होऊन कमानीवर बसलं होतं. गाव झाडून जमला होता, आणि विजयश्री यार्डातून आली ती थेट अंबुबाईपुढं उभी राहिली. वर्षभर तिनं या तांब्याची वाट पाहिली होती. तिनं ओंजळ पुढं केली.

अंबुबाईनं तांब्या भरला, तिच्याकडे बघितलं आणि तांब्या मागं घेतला.

"तुला न्हाई."

विजयश्रीनं ओंजळ मागं घेतली. "का मावशी? मी चुकले का काही?"

"पयला तांब्या परक्याचा असतो," म्हातारी म्हणाली. "तू कुठं परकी?"

तिनं पितळी हंडा उचलला, विजयश्रीच्या कमरेवर नीट बसवला आणि तांब्या तिच्या हातात दिला. विजयश्रीच्या मागं यार्डात कालच लागलेली पिंकी संकोचून उभी होती. गोंदियाकडची, इथं कुणालाच न ओळखणारी, कानामागं नवीकोरी पेन्सिल.

"पानी घरच्यांनी वाटायचं असतं," अंबुबाई म्हणाली. "दे तिला."

विजयश्रीला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण तिनं तांब्या काठोकाठ भरला आणि पिंकीपुढं धरला. "पी," ती म्हणाली.